हायलक्सचे अपर आर्म: कधी बदलायचे, कसे बसवायचे, कसे सांभाळायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. टोयोटा हायलक्स, पुढून 50 मिलिमीटर उचललेली, टायर मूळ 265/65 आर17 ऐवजी 265/70 आर17. महामार्गावर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग सैल वाटतं, वळण घेऊन हात ढिला सोडला तर ते आपोआप सरळ होत नाही. रिव्हर्समध्ये पूर्ण वळवलं की टायर चाकामागच्या प्लास्टिकला घासतो. गॅरेजवाल्याने सांगितलं, "बाहेरचे अपर आर्म टाका, सगळं जाईल." अपर आर्म म्हणजे चाकाला वरच्या बाजूने चॅसिसशी, गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारा हात; बाहेरचे म्हणजे टोयोटाचे नसलेले, बाजारातले. तुम्ही विचारता की हे खरंच लागतात का, घरी बसवता येतील का, आणि नंतर त्यांची निगा काय.

मी पंचवीसेक वर्षं सस्पेन्शनचंच काम करतो. तुमच्या वर्णनावरून आर्म बहुतेक लागतील. पण "सगळं जाईल" हे मला मान्य नाही. आर्मने नेमकं काय जातं आणि काय जात नाही, हे कळल्याशिवाय एवढा खर्च करू नका.

आधी एक गैरसमज दूर करतो: अपर आर्म गाडी उचलत नाही. गाडी उचलते ती स्प्रिंग किंवा स्पेसर, म्हणजे स्प्रिंगच्या जोडीवर बसवायची जाड चकती. हायलक्सचं पुढचं सस्पेन्शन डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म, फॉर्च्युनरच्याच घराण्यातलं. शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग मिळून एक जोडी खालच्या आर्मवर, साधारण मध्यावर, उभी असते. म्हणून वर 25 मिलिमीटरचा स्पेसर टाकला तर चाकापाशी उंची जवळजवळ दुप्पट वाढते. गाडी उचलली की दोन्ही आर्म खाली झुकतात आणि वरच्या आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट (सगळीकडे वळणारा गोळीचा सांधा) अशा कोनात काम करू लागतो ज्यासाठी तो बनवलेलाच नाही. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळलं की मूळ आर्म स्प्रिंगच्या घराला टेकायला येतो. आतून कधी "टक्" असा लोखंडी आवाज येत असेल तर तिथे टॉर्च मारून बघा, रंग उडालेला दिसेल.

दुसरा परिणाम कॅस्टरवर होतो, आणि तुमची मुख्य तक्रार त्यातूनच आली आहे. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरून मागे कललेला असतो. म्हणूनच हात सोडले तरी सायकल सरळ चालते. गाडीच्या चाकालाही तसाच कल दिलेला असतो, तोच कॅस्टर: वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा थोडा मागे. वरच्या आर्मचा चॅसिसवरचा आस जमिनीला समांतर नसतो, त्यामुळे आर्म खाली झुकला की वरचा जॉइंट जरासा पुढे सरकतो आणि कल कमी होतो. मग स्टिअरिंग परत यायला आळस करतं आणि वेगात गाडी भरकटते. मागे पाटे वाढवून मागची बाजूही उचलली असेल तर गाडी नाकावर कलते आणि कॅस्टर आणखी घटतो. तुम्ही मागचं काही लिहिलेलं नाही, ते तपासा.

टायरचा हिशेब वेगळा आहे. 265/70 आर17 चा व्यास मूळ टायरपेक्षा सुमारे 26 मिलिमीटरने जास्त, म्हणजे पुढच्या आणि मागच्या काठाला प्रत्येकी 13 मिलिमीटर. तेवढ्यानेच मागचं प्लास्टिक जवळ आलं. बाजारातल्या चांगल्या आर्ममध्ये बॉल जॉइंट मुळापेक्षा थोडा मागे ठेवलेला असतो. त्यामुळे अलाइनमेंट करताना खालचा आर्म कॅम बोल्टवर (फिरवला की आर्म सरकवणारा बोल्ट) पुढे सरकवायला जागा मिळते आणि चाक प्लास्टिकपासून दूर जातं. घासणं कमी होईल. पूर्ण जाईल का, हे तुमच्या रिमच्या ऑफसेटवर, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं त्यावर, आहे. रिमही बाहेर निघणारी टाकली असेल तर आर्म बदलूनही प्लास्टिकची कड थोडी गरम करून दाबावी लागेल.

जे आर्मने जात नाही तेही सांगतो. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्यांचे) कोन उंचीने वाढलेले आहेत, ते तसेच राहतात. शाफ्टच्या रबरी बुटांना (सांध्यावरच्या टोप्यांना) चीर पडली आहे का हे दर महिन्याला बघायलाच हवं. ब्रेकचा होज (रबरी नळी) आणि एबीएसची वायर ताणली जात असेल तर तो प्रश्नही आर्मने सुटत नाही.

माझं मत असं: 30-35 मिलिमीटरपर्यंत उचललेल्या गाडीला मी आर्म सुचवत नाही. कॅम बोल्टवर कॅस्टर जमतो का ते आधी बघतो, आणि बहुतेकदा जमतो. 50 च्या आसपास आणि मोठा टायर असेल तर हो म्हणतो. त्यापुढे तर आर्मशिवाय गाडी चालवूच नये.

आर्म मागवण्याआधी मात्र एक काम करा, आणि हे काम सगळे विसरतात. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टांना पाना लावून बघा, फिरतात का. कोकणातल्या, खाडीकाठच्या गाड्यांत हे बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबरी गादीच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून बसतात. तसं असेल तर कितीही भारी अपर आर्म टाका, अलाइनमेंट होणार नाही, कारण कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) दोन्ही त्याच बोल्टांवर बसवले जातात. रत्नागिरीकडची एक जुनी फॉर्च्युनर माझ्याकडे आली होती. वरचे आर्म दीड तासात उतरले, आणि खालचे दोन बोल्ट कापून काढण्यात पुढचा अख्खा दिवस गेला. नवे बोल्ट आणि बुश येईपर्यंत गाडी आठवडाभर घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, उभी. मालक मुंबईहून सुट्टी काढून आले होते. तेव्हापासून मी आधी खालचे बोल्ट तपासतो, मगच वरच्या आर्मचं बोलतो.

आर्म निवडताना रंग आणि जाडी बघून भुलू नका. दोनच गोष्टी बघा: टोकाला काय आहे आणि चॅसिसकडे बुश कसले आहेत. टोकाला एक तर बूट असलेला बंद बॉल जॉइंट असतो, नाहीतर उघडा गोल बेअरिंग, ज्याला युनिबॉल म्हणतात. युनिबॉल वाळवंटातल्या शर्यतीसाठी उत्तम आहे, हालचाल भरपूर देतो. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर जे लाल चिखलाचं पाणी उडतं, ते त्याच्या आतल्या अस्तराला पॉलिश पेपरसारखं खातं. पाटण-कोयनेकडे किंवा आंबोलीच्या बाजूला पावसात फिरणाऱ्या माणसाला मी युनिबॉल देत नाही. बंद बॉल जॉइंट घ्या, ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेला. जॉइंट आणि बूट सुटे मिळतात का, हे विकत घेतानाच विचारा. आर्म वीस वर्षं टिकेल, जॉइंट टिकणार नाही. सुटा जॉइंट मिळत नसेल तर तो आर्म स्वस्तात मिळाला तरी महाग आहे.

बुशमध्ये रबर आणि पॉलियुरेथेन असे दोन प्रकार. रबर शांत असतं, निगा मागत नाही. पॉलियुरेथेन कडक, जास्त टिकणारं, पण ग्रीस सुकलं की कुरकुरतं. रोज शहरात आणि महिन्यातून दोनदा घाटात अशी गाडी असेल तर मी रबर घेईन. आणखी एक: डावा-उजवा आर्म वेगळा असतो, कारण जॉइंट मागे सरकवलेला असतो. डब्यातून काढल्यावर खुणा बघूनच ठेवा. उलटे बसले तर जॉइंट मागे जाण्याऐवजी पुढे जाईल आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालेल.

आता बसवणं. घरी होतं. पण सपाट पक्की जमीन, दोन मजबूत स्टँड, टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळायचा पाना) आणि मदतीला एक माणूस, यातलं एक जरी नसलं तरी गॅरेज गाठा.

गाडी उचलण्याआधी चारही चाकं जमिनीवर असताना हबच्या, म्हणजे चाकाच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभं माप घ्या, दोन्ही बाजूंचं, आणि कागदावर लिहून ठेवा. जमिनीपासून माप घेऊ नका, टायरच्या हवेने ते बदलतं. हा कागद शेवटी लागणार आहे. आदल्या रात्री वरच्या आर्मच्या बोल्टावर आणि बॉल जॉइंटच्या नटावर गंज सोडवणारं तेल मारा. कॅम बोल्टांची मूळ जागा रंगाच्या पेनाने खुणावून ठेवा.

मागच्या चाकांना ठोकळे, पुढून चॅसिसखाली स्टँड, चाक बाहेर. मग लोअर आर्मखाली जॅक हलकासा टेकवून ठेवा, आणि तो काम संपेपर्यंत काढू नका. वरचा जॉइंट सुटला की नकल (हब धरणारा लोखंडी भाग) बाहेरच्या बाजूला पडायला बघतं आणि त्याबरोबर ब्रेकचा होज व ड्राइव्ह शाफ्ट ओढले जातात. आतला सीव्ही जॉइंट (ड्राइव्ह शाफ्टचा सांधा) निसटला तर तासाभराचं काम दिवसाचं होतं. म्हणून नकल दोरीने किंवा पट्ट्याने वर बांधून घ्या. एबीएस वायरची क्लिप आधी सोडा.

स्प्लिट पिन काढा, नट चार-पाच आटे सैल करा, पण पूर्ण काढू नका. जॉइंट सुटताना उसळतो, तेव्हा तो नट त्याला धरून ठेवतो. मग नकलच्या ज्या डोळ्यात जॉइंटचा निमुळता दांडा बसलेला असतो, त्या डोळ्याच्या बाजूवर जड हातोड्याचे दोन-तीन ठाम घाव घाला. दांड्यावर मारू नका, आटे जातील. फाटा घालून उपसण्याचं अवजारही मी वापरत नाही, ते बूट फाडतं. जुने आर्म तुम्हाला जपून ठेवायचे आहेत, हे लक्षात असू द्या.

चॅसिसकडे या गाडीत एकच लांब बोल्ट दोन्ही बुशांतून आरपार जातो. बाहेर ओढताना अनेकदा आतल्या पत्र्याची कड किंवा एखादा ब्रॅकेट आड येतो. तो थोडा वाकवावा लागतो. कापू नका, आणि वाकवण्याआधी पलीकडे ब्रेकची नळी किंवा वायरिंग नाही ना, ते हाताने चाचपा. वायसर कोणत्या बाजूला कसे होते, याचा फोटो काढून ठेवा.

नवा आर्म बसवताना नकलमधली निमुळती जागा पुसून कोरडी करा. तिथे ग्रीस लावू नका. तो दांडा कोरड्या घट्ट बसणीवरच टिकतो. नट किटच्या कागदावर दिलेल्या टॉर्कला आवळा. मूळ गाडीचा आकडा इथे चालेलच असं नाही, कारण नव्या जॉइंटचे आटे वेगळे असू शकतात. खाचेचा नट असेल आणि पिनचं भोक जुळत नसेल तर थोडा आणखी आवळून जुळवा, कधीही मागे फिरवून नाही. नायलॉनची कडी असलेला लॉकनट असेल तर तो एकदाच वापरायचा.

लांब बोल्ट आत्ता नुसता बसवून घ्या, पूर्ण आवळू नका. रबरी बुश असतील तर हीच सगळ्यांत मोठी चूक होते, आणि सुरुवातीच्या काळात ती मीही केली आहे. रबरी बुशच्या आतली नळी बोल्ट आवळल्यावर चॅसिसला जखडते. पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळाने होते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. माझ्या हातच्या त्या गाडीचे बुश सहा महिन्यांत फाटले, आणि मालकाला ते मी माझ्या खर्चाने बदलून दिले. बरोबर रीत अशी: लोअर आर्मखालचा जॅक वर घेत न्या, हब ते मडगार्ड माप तुमच्या कागदावरच्या आकड्याइतकं झालं की थांबा, आणि तिथे बोल्ट टॉर्कला आवळा. गाडी स्टँडवरून उचलली जायला लागली तर थांबा, चाकं लावून जमिनीवर उतरवा आणि मग मडगार्डच्या आतून पाना घाला. पॉलियुरेथेन बुश नळीभोवती फिरतात, त्यांना हा नियम तितका कडक नाही.

वायर आणि होज परत लावल्यावर चाक पूर्ण लोंबकळू द्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. काही ताणलं जातंय का, टायरची आतली भिंत नव्या आर्मला किंवा जॉइंटच्या टोपणाला घासतेय का, बोट घालून बघा. दुसरी बाजूही अशीच.

आता ज्या कामासाठी हे सगळं केलं, ते काम: अलाइनमेंट. बसवून झाल्यावर गाडी हळू चालवत थेट तिथेच न्या. आणि इथे डोळे उघडे ठेवा. अनेक टायरच्या दुकानांत अलाइनमेंट म्हणजे फक्त टो (वरून बघताना चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बसवून देतात. टो हिरवा दिसला की गाडी बाहेर. तुम्हाला कॅस्टर हवा आहे. तो मोजायला चाकं फिरत्या थाळ्यांवर ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे ठरावीक अंश फिरवावं लागतं. कामगाराने स्टिअरिंग फिरवलंच नाही तर कॅस्टर मोजलाच नाही, हे ओळखा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद मागून घ्या.

उचललेल्या हायलक्सवर मी कॅस्टर तीन ते साडेतीन अंशांच्या आसपास बघतो, कॅम्बर शून्याजवळ आणि टो पुस्तकाप्रमाणे. कॅस्टरचा आकडा थोडा इकडेतिकडे चालेल, पण डाव्या-उजव्यातला फरक अर्ध्या अंशाच्या आत हवा. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. आपल्याकडे रस्त्याचा उतार डाव्या कडेला असतो आणि गाडी तशीही डावीकडे जायला बघते, म्हणून फरक ठेवायचाच तर डाव्या चाकाला पाव अंश जास्त ठेवा. सरळ रस्त्यावर फरक लगेच जाणवतो. शेवटी स्टिअरिंग सरळ असताना त्याच्या सेन्सरचं शून्य बसवून घ्या आणि हेडलाइटचा झोत खाली घ्या. उचललेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पाचशे किलोमीटरवर सगळे नट-बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. नव्या बुशला बसायला तेवढं चालणं लागतं. नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवली तर पुढे नुसत्या नजरेने कळतं की नट हलला का.

निगा म्हणाल तर ग्रीस आणि नजर. निपल असलेल्या बॉल जॉइंटला दर पाच हजार किलोमीटरला आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर ग्रीस द्या. निपल आधी फडक्याने पुसा, नाहीतर बाहेरची माती तुम्हीच आत ढकलाल. बूट किंचित फुगला की थांबा. जोरात पंप मारत राहिलं तर बूट फाटतो, आणि फाटलेला बूट म्हणजे जॉइंटचे थोडेच महिने उरले. गाडी नदीतून, चाकाच्या मध्याच्या वर पाण्यातून गेली असेल तर घरी आल्यावर ग्रीस द्यायचं, किलोमीटर मोजत बसायचं नाही. पाण्याने न धुपणारं ग्रीस घ्या. पॉलियुरेथेन बुशसाठी बनवणाऱ्याने सांगितलेलंच वापरा, बहुधा ते सिलिकॉनचं असतं. वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा की दाबाच्या पाण्याचा फवारा बुटांवर जवळून मारू नको.

दर दहा हजारला जॉइंटचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, तपासा. जॅक लोअर आर्मखाली लावून चाक जमिनीपासून इंचभर उचला. वजन स्प्रिंगमधून लोअर आर्मवर येतं, त्यामुळे असा जॅक लावला की वरचा जॉइंट मोकळा होतो आणि खेळ दिसतो. चॅसिसखाली जॅक लावून केलेली तपासणी फसवते. चाकाला वर आणि खाली धरून हलवा, मदतनीस वरच्या जॉइंटकडे बघेल. खेळ जाणवला तर त्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेकने खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर जॉइंटचा. डावी-उजवीकडे धरून खेळ असेल तर टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) बघा. वरच्या जॉइंटमध्ये डोळ्याला दिसेल एवढा खेळ असेल तर ती गाडी घाटात नेऊ नका, जॉइंट बदला. तो सुटला तर चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं आहे. तुमची गाडी उचललेली आहे, त्यामुळे हा विषय आर्मच्या आधीच सुरू झाला आहे. विमा कंपनीला लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या. हायलक्स अजून वॉरंटीत असेल तर सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ड्राइव्ह शाफ्टच्या दाव्यावर प्रश्न येऊ शकतो, हे धरून चाला.

म्हणून जुने आर्म भंगारात देऊ नका. पुसून, जॉइंटला ग्रीस लावून, बुटावर पिशवी बांधून, मूळ नट आणि वायसरसकट एका खोक्यात ठेवा. त्यावर कॅम बोल्टच्या मूळ खुणांचा फोटो आणि अलाइनमेंटचा पहिला कागद चिकटवा. आणि तो पहिला कागद, म्हणजे आर्म बदलण्याआधीचा, आत्ताच काढून घ्या. त्यात कॅस्टर अडीच अंशांच्या वर निघाला तर मला आकडे कळवा. तुमचं स्टिअरिंग सैल असण्याचं कारण मग दुसरीकडे शोधावं लागेल, आणि मी पहिल्यांदा टायरमधली हवा आणि टाय रॉडची टोकं बघेन.